व्हॅन घ्यावी की मिनीबस? आधी ‘बारा अधिक एक’चं गणित सोडवा!

घरात माणसं वाढली, धंद्यात गिऱ्हाइकं वाढली की मनात मोठ्या गाडीचा विचार येतो. शोरूमवाला सीटं मोजून दाखवतो. पण सीटं मोजून घेतलेली गाडी कधी दारात उभी राहून हप्ते खाते, तर कधी घाटात जीव टांगणीला लावते. सात सीटांची व्हॅन, बारा सीटांची ट्रॅव्हलर आणि वीस-सव्वीस सीटांची मिनीबस यांतली आपली कोणती, हे ठरवायचं कसं?

चंदीगड म्हटलं की सरळसोट रस्ते, नंबर घातलेले सेक्टर आणि ल कॉर्बुझिएची शिस्तबद्ध आखणी डोळ्यांपुढे येते. पण याच शहराच्या पूर्वेला, पंचकुलाच्या वेशीवर मनीमाजरा नावाचा भाग आहे आणि त्याला ही शिस्त ठाऊक नाही. चंदीगडच्या जन्माआधीचं हे गाव. जुना किल्ला, अरुंद गल्ल्या, एकमेकांना खेटून उभी घरं. कॉर्बुझिएच्या आखणीत तेरा नंबरचा सेक्टर नव्हताच. २०२० मध्ये प्रशासनाने हा रिकामा राहिलेला आकडा मनीमाजऱ्याला दिला आणि गावाचा सेक्टर १३ झाला.

मनीमाजऱ्याची आजची खरी ओळख म्हणजे इथलं मोटर मार्केट. स्पेअर पार्टची दुकानं, डेंटिंग-पेंटिंगवाले, सीटकव्हर शिवणारे आणि इंजिन उघडून बसलेले मिस्तरी, सगळे एका ठिकाणी. इथे गाड्यांची कमतरता पडायचं कारणच नाही. चंदीगडचं रेल्वे स्थानक जवळ, मनसादेवीचं मंदिर जवळ, किशनगडचं आयटी पार्कही जवळ. शिमला-मनालीला निघालेले पर्यटक, चैत्र आणि आश्विनातल्या नवरात्रांत देवीला येणारे भाविक, रात्रपाळीला जाणारी नोकरदार मुलं-मुली आणि शाळेत जाणारी पोरं या सगळ्यांना वाहून नेणाऱ्या गाड्या या परिसरातून धावतात. बिघडल्या की मोटर मार्केट आहेच.

महाराष्ट्रातल्या कुटुंबांचाही या वाटेशी संबंध येतो. हिमाचलच्या सहलीसाठी निघालेली आपली मंडळी बऱ्याचदा चंदीगडला उतरतात आणि तिथून ‘टेंपो ट्रॅव्हलर’ करतात. संत नामदेवांच्या घुमानला जाणारेही पंजाबात अशाच गाडीत बसतात. २०१५ च्या एप्रिलमध्ये घुमानला अठ्ठ्याऐंशीवं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा तर पंजाबच्या रस्त्यांवर मराठी ऐकू येत होती. परत आल्यावर बहुतेक घरांत एकदा तरी बोलणं निघतं, “आपणच एक अशी गाडी घेतली तर?”

प्रश्न सोपा वाटतो. उत्तर तसं नाही.

टेंपो, मॅटाडोर आणि डबा

ज्या गाडीला आज सारा उत्तर भारत ‘टेंपो ट्रॅव्हलर’ म्हणतो, तिचं माहेर आपल्याकडचं आहे. १९५८ साली बजाज टेंपो ही कंपनी उभी राहिली. जर्मनीतल्या ‘टेंपो’ कंपनीचं तंत्र घेऊन तिने तीनचाकी मालवाहू गाडी आणली आणि मराठीला ‘टेंपो’ हा शब्द मिळाला. पुढे पुण्याजवळच्या आकुर्डीतून मॅटाडोर निघाली. साठीच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या या गाडीने भाजीपाला नेला, वऱ्हाडं नेली, शाळेची मुलं नेली. गाव तिला ‘मिनीबस’ म्हणे आणि गाडीत माणसांची गणती कुणी करत नसे.

१९८० च्या दशकात दोन गोष्टी घडल्या. १९८४ मध्ये मारुतीची व्हॅन आली. इंजिन जेमतेम ७९६ सीसीचं, आकार पावाच्या लादीसारखा, दारं सरकती. पुढे तिचंच नाव ‘ओम्नी’ झालं. डॉक्टरांपासून डेअरीवाल्यांपर्यंत सगळ्यांनी ती वापरली. दुसरीकडे त्याच दशकाच्या उत्तरार्धात बजाज टेंपोने मर्सिडीजच्या जुन्या व्हॅनवर बेतलेली ट्रॅव्हलर बाजारात आणली. कंपनीचं नाव २००५ मध्ये बदलून ‘फोर्स मोटर्स’ झालं, तरी लोकांच्या तोंडचा ‘टेंपो’ काही सुटला नाही.

चंदीगडकरांना आणखी एक नाव जवळचं आहे, स्वराज माझदा. पंजाब ट्रॅक्टर्सने जपानच्या माझदाच्या साथीने १९८३ मध्ये ही कंपनी काढली. कारखाना रोपडजवळच्या आसरोनला आणि कचेरी चंदीगडला. शाळांच्या आणि कारखान्यांच्या बसगाड्यांमध्ये या मिनीबसने जम बसवला. २०११ मध्ये कंपनीचं नाव ‘एसएमएल इसुझु’ झालं आणि २०२५ मध्ये तिचा मोठा हिस्सा महिंद्राने विकत घेतला. टाटांनी २००७ मध्ये ‘विंगर’ आणली, तर फोर्सची नवी ‘अर्बेनिया’ २०२२ च्या सुमारास आली.

या काळात घरगुती गाड्याही मोठ्या होत गेल्या. १९९४ ची सुमो, २००० ची क्वालिस, २००५ ची इनोव्हा, २०१२ ची अर्टिगा. ओम्नीची जागा २०१० मध्ये आलेल्या ईकोने हळूहळू घेतली आणि सुरक्षेचे नवे नियम आल्यावर २०१९ मध्ये ओम्नी बंद झाली. सुमोही त्याच वर्षी थांबली. म्हणजे आज गिऱ्हाइकापुढे चांगल्या गाड्यांची वाण नाही. घोटाळा होतो तो निवडीत.

सहा, बारा आणि तेरा

मोठी गाडी घेणाऱ्याने सगळ्यात आधी तीन आकडे पाठ करावेत. ते शोरूमच्या माहितीपत्रकात नसतात, कायद्याच्या पुस्तकात असतात.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. भाड्याने चालणाऱ्या गाडीत चालक सोडून सहापर्यंत प्रवासी असतील तर ती ‘मोटर कॅब’. सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत असतील तर ‘मॅक्सी कॅब’. त्यापुढे बस. आता ध्यानात येईल, की रस्त्यावरच्या इतक्या ट्रॅव्हलर ‘बारा अधिक एक’च का असतात! बारा प्रवासी आणि एक चालक ही मॅक्सी कॅबची शेवटची पायरी आहे. तिच्यापुढे एक सीट वाढली, की परमिट आणि कर यांचं सगळं कोष्टक बदलतं. सात सीटांची इनोव्हा मोटर कॅब ठरते आणि आठ सीटांची तीच गाडी मॅक्सी कॅब होते, तीही याच हिशेबाने.

तिसरा आकडा तेरा, आणि तो व्यापाऱ्यांच्या कामाचा. चालकासह तेरापर्यंत आसनांची प्रवासी गाडी धंद्याच्या नावावर घेतली, तर तिच्यावर भरलेला जीएसटी साधारणपणे वजा करून मिळत नाही. आसनं तेरापेक्षा जास्त असतील तर तो मार्ग खुला होतो. प्रवासी वाहतूक हाच ज्यांचा धंदा आहे किंवा ज्यांची मोटार शिकवण्याची शाळा आहे, त्यांना यातून सूट आहे. पण स्वतःच्या कामगारांना नेण्यासाठी बारा अधिक एकची गाडी घेणारा कारखानदार इथे फसतो. एका सीटसाठी मोठी रक्कम हातची जाते. हिशेबनिसाला विचारल्याशिवाय बुकिंगचा चेक फाडू नये, तो यासाठी.

कराच्या दरातही असाच उंबरठा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चालकासह दहा किंवा अधिक माणसांच्या गाडीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या ईकोसारख्या गाड्यांनाही १८ टक्केच. मधल्या आकाराच्या, चार मीटरहून लांब सात-आठ सीटांच्या गाड्यांना मात्र ४० टक्के. (त्यांच्यावरचा वेगळा उपकर तेव्हाच गेला.) म्हणून दोन गाड्यांची तुलना करताना रस्त्यावर येईपर्यंतची पूर्ण किंमत लिहून मागावी.

पांढरी पाटी, पिवळी पाटी

खरा धोका इथे आहे. घरासाठी म्हणून पांढऱ्या पाटीवर व्हॅन घ्यायची आणि रिकामी उभी राहते म्हणून शाळेची मुलं किंवा ओळखीतली भाडी मारायची, हा प्रकार गावोगाव चालतो. चार पैसे सुटतात, हप्ता निघतो. आपल्याकडे सातारा-सांगलीकडच्या वडापवाल्यांना हे नव्याने सांगायला नको.

पण विम्याच्या पॉलिसीत ‘वापराची मर्यादा’ नावाचं कलम असतं. खासगी गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला, तर गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. आत बसलेल्यांच्या भरपाईचं ओझं मालकाच्या डोक्यावर येऊ शकतं. महिन्याला चार-पाच हजार मिळवण्याच्या नादात घरदार पणाला लागतं. भाडं घ्यायचंच असेल, तर पिवळी पाटी, परमिट आणि भाड्याच्या वापराचा विमा यांना पर्याय नाही.

पिवळ्या पाटीबरोबर जबाबदाऱ्याही येतात. नव्या गाडीला पहिली दोन वर्षं, नंतर आठव्या वर्षापर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी पासिंग. बहुतेक प्रवासी गाड्यांना ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक. २०१९ पासून नोंदलेल्या गाड्यांत गाडीचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र आणि धोक्याच्या वेळी दाबायचं बटण. जास्त माणसं कोंबली, तर जादा माणसामागे २०० रुपये दंड. शिवाय जादा माणसं उतरवून त्यांची दुसरी सोय झाल्याशिवाय गाडी पुढे न्यायला मनाई. शिमल्याच्या रस्त्यावर रात्री आठ वाजता हा प्रसंग आला तर काय होईल, याचा विचार भाडं ठरवतानाच करावा.

दुकानाच्या किंवा कारखान्याच्या माणसांना फुकट ने-आण करणारी, चालक सोडून सहापेक्षा जास्त आसनांची गाडी हा कायद्यात वेगळाच प्रकार आहे. भाडं घेतलं नाही तरी तिला वेगळं परमिट लागतं. शाळेच्या बसचं तेच. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसबद्दल निर्देश दिले. पिवळा रंग, ठळक नाव, खिडक्यांना गज, प्रथमोपचार पेटी, आग विझवण्याचं नळकांडं हे सगळं तेव्हापासून आलं. एखादं मूल व्हॅनमध्ये दप्तरासकट कुणाच्या मांडीवर बसून जात असेल, तर आई-वडिलांनी आधी गाडीच्या पाटीचा रंग पाहावा.

लायसन्सच्या बाबतीत मात्र दिलासा आहे. साडेसात टनांपर्यंत एकूण वजनाच्या गाडीला साधं हलक्या मोटारीचं लायसन्स चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं होतं. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. पण लायसन्स चालतं म्हणून गाडी चालवता येते असं नाही. अंगणात अर्टिगा वळवणाऱ्याने पहिल्याच दिवशी ट्रॅव्हलर घेऊन घाट चढू नये.

घरासाठी : वर्षाचे दिवस मोजा

आता समजा, घरात आठ माणसं आहेत. आजी-आजोबा, दोघे भाऊ, दोन्ही सुना आणि दोन मुलं. गणपतीला गावी जायचं, एखाद्या लग्नाला जायचं, उन्हाळ्यात सहल. असं जाणं वर्षात किती दिवस होतं? प्रामाणिकपणे मोजलं तर वीस, फार तर तीस. उरलेले दिवस गाडी एक-दोन माणसांना घेऊन बाजारात जाणार.

अशा घराला बारा सीटांची गाडी घेणं म्हणजे वर्षातून दोनदा पंगत उठते म्हणून रोजचा भात हंड्यात शिजवणं. ती सोसायटीत लावायला जागा नाही, गल्लीत वळत नाही आणि तिला रोज हात लावायला घरातली बाई नि म्हातारा माणूस धजत नाही. घरगुती नावावर किती आसनांची गाडी नोंदता येते, याच्या पद्धती राज्यागणिक बदलतात. ते आरटीओत आधीच विचारावं.

सात सीटांच्या गाडीचं सत्यही ऐकून ठेवा. सात माणसं बसली, की सामानाला जागा उरत नाही. मागची रांग मुलांसाठी ठीक असते. साठीच्या माणसाला तिथे वाकून शिरावं लागतं आणि गुडघे हनुवटीला टेकतात. म्हणून गाडी पाहायला जाताना एकट्या बापाने जाऊ नये. आजीला न्यावं, तिला शेवटच्या रांगेत बसवून उतरवावं आणि मग निर्णय घ्यावा. सात सीटांची गाडी म्हणजे पाच माणसं आणि त्यांचं सामान, हा घरगुती हिशेब कधी चुकत नाही.

ईको स्वस्त आहे, सरकत्या दारामुळे अरुंद जागेत सोयीची आहे आणि दुकान-घर दोन्ही सांभाळते. सीएनजीची हवी असेल तर लक्षात ठेवा, ती पाच सीटांतच मिळते आणि नळकांड्यामुळे मागची जागा आटते. अर्टिगा शहरात नि महामार्गावर हलकी चालते. सहा-सात माणसांनी लांबचा पल्ला वरचेवर गाठायचा असेल, तर इनोव्हा अंगाला शिणवत नाही. पण किंमतही तशीच.

मग वर्षातून वीस दिवस आठ-दहा माणसं न्यायची कशी? भाड्याने! छोटी गाडी घरची, मोठी गाडी गरजेपुरती. बहुतेक कुटुंबांना हेच परवडतं.

धंद्यासाठी : रिकामे दिवस मोजा

धंद्याचं गणित उलट. तिथे गाडी भरलेली किती दिवस धावणार हे पाहायचं. एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीपुरते आहेत, आपापल्या गावचे घालून पाहावेत.

समजा, गाडी १८ लाखांना पडली आणि आठ वर्षांनी ६ लाखांना विकली. म्हणजे वर्षाला दीड लाखाची झीज. चालकाला महिना १५ हजार धरले, तर वर्षाचे १ लाख ८० हजार. विमा, कर, परमिट, टायर आणि दुरुस्ती मिळून एक लाख. झाले ४ लाख ३० हजार. यात डिझेलही नाही आणि कर्जाचं व्याजही नाही. गाडी वर्षात ३०० दिवस धावली, तर रोजचा बोजा साधारण १,४३० रुपये. १५० दिवस धावली तर २,८७० रुपये. आणि फक्त ३० दिवस धावली तर दिवसाला १४ हजारांच्या वर!

आयटी पार्कच्या पाळ्यांना किंवा शाळेला लावलेली गाडी बारमाही धावते. तिला कमी भाडं परवडतं. सहलीच्या गाडीला हंगाम असतो. मे-जून, दिवाळी आणि नाताळ हातात असतात. पावसाळ्यात दरडी कोसळल्या की हिमाचलची भाडी रद्द होतात आणि हप्ता मात्र रद्द होत नाही. म्हणून जाणती माणसं एकाच गाडीला दोन कामं लावतात. सकाळ-संध्याकाळ शाळा किंवा कंपनी, सुट्टीत सहल. दोन्ही कामांची परवानगी परमिटात बसते का, हे आधी पाहून घेतात.

आता सीटं किती घ्यायची? फोर्स ट्रॅव्हलर नऊपासून सव्वीसपर्यंत अनेक मापांत मिळते. तिच्या नावापुढचा ३०५० किंवा ३३५० हा आकडा म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं मिलिमीटरमधलं अंतर. आकडा जितका मोठा, तितकी गाडी लांब आणि वळायला जागा जास्त. टाटाची विंगर एकसंध सांगाड्याची आहे, चढायला ठेंगणी. कार्यालयातल्या माणसांना आणि रुग्णांना ती सोयीची पडते. अर्बेनियाचाही सांगाडा एकसंध. तिच्यात एअरबॅग आहेत, चाक न अडकू देणारे ब्रेक आहेत आणि घसरताना गाडी सावरणारी यंत्रणाही आहे. पण किंमत चढी, तेव्हा चांगलं भाडं देणारं गिऱ्हाईक आधी हवं. वीसच्या वर माणसं रोजच असतील, तर एसएमएलसारखी खरी मिनीबस बरी. दोन बारा सीटांच्या गाड्या म्हणजे दोन चालक, दोन विमे आणि दोन पासिंग. मात्र दोन गाड्यांचा एक फायदाही आहे. एक गॅरेजला गेली तरी धंदा बंद पडत नाही.

वजन टपावर नको

चंदीगड समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरच्या आसपास, शिमला जवळजवळ बावीसशेवर. अंतर सुमारे ११५ किलोमीटर. परवाणूपासून चढ सुरू होतो तो संपत नाही. या रस्त्यावर गाडीची खरी परीक्षा होते आणि ती येताना, उतारावर, जास्त कठीण असते.

बारा माणसं सरासरी ६५ किलोंची धरली तर ७८० किलो. माणशी १५ किलो सामान म्हणजे १८० किलो. एकूण ९६० किलो, जवळपास एक टन. हे सामान सीटांखाली आणि मागे असेल तर गाडी जमिनीला धरून राहते. तेच टपावर बांधलं, की गाडीचा भार वर सरकतो आणि वळणावर ती बाहेर झुकते. उंच, अरुंद गाडीला हा झोका जास्त. म्हणून बारा सीटांची गाडी सहलीला करताना दहाच माणसं धरावीत आणि दोन सीटांची जागा बॅगांना द्यावी. माणशी भाडं थोडं वाढेल, पण टप रिकामा राहील.

उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि मऊ पडतो. खालचा गिअर टाकून इंजिनाच्या जोरावर गाडी उतरवणारा चालक हाच चांगला चालक. तो रात्रभर जागा असेल, तर त्याच्या हुशारीचा उपयोग नाही. रेल्वेतून सकाळी उतरून लगेच मनालीपर्यंतचा सुमारे ३०० किलोमीटरचा पल्ला एकाच दमात गाठायचा आग्रह धरू नये. डिसेंबर-जानेवारीत पंजाबच्या मैदानात दाट धुकं उतरतं, तेव्हा पहाटेचा प्रवास टाळावा हे बरं. गाडी कुणाचीही असो, प्रत्येक सीटला पट्टा आहे ना आणि तो सीटकव्हरखाली गाडला गेला नाही ना, एवढं बसल्याबसल्या पाहावं.

जुनी घेताना

मनीमाजऱ्यासारख्या मोटर मार्केटमध्ये जुन्या गाडीला नवं रूप द्यायला वेळ लागत नाही. नवा रंग, नवी सीटं, खिडक्यांना पडदे, चमकते दिवे. फसायचं नसेल तर वर पाहू नये, खाली पाहावं. गाडी उचलून सांगाडा तपासावा. गंज, जोडकाम, पाट्यांना गेलेले तडे तिथे लपत नाहीत. भाड्याच्या गाडीचा किलोमीटरचा काटा फारसा बोलका नसतो. पायाखालचे पेडल किती झिजले ते पाहावं, ते खोटं बोलत नाहीत.

कागद त्याहून महत्त्वाचे. आरसी पुस्तकातली आसनसंख्या आणि आतली सीटं जुळतात का? दोन सीटं जादा बसवलेली असली, तर पासिंगला अडचण येते आणि अपघातात विम्याचा वाद उभा राहतो. कराची थकबाकी, न भरलेली चलनं आणि बँकेचा बोजा तपासावा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. त्यानंतरच्या बऱ्याच डिझेल मिनीबसना डिझेलखेरीज डीईएफ नावाचं पाणीदार द्रव वेगळ्या टाकीत भरावं लागतं. ते नाही भरलं, तर गाडी चालायला कुरकुर करते. दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीची गोष्ट आणखी वेगळी. तिथे २०१५ आणि २०१८ च्या आदेशांनी दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली. पुढे त्यांत बदल होत गेले. जुनी डिझेल गाडी घेणाऱ्याने त्या दिवशीचा नियम पाहूनच सौदा करावा.

आणि एक साधी गोष्ट. ज्या गाडीचे पार्ट आपल्या गावात मिळतात, तीच आपली गाडी. चंदीगडच्या गाडीवाल्याला मनीमाजरा हाताशी आहे. कोकणातल्या किंवा विदर्भातल्या आडगावी तसं मार्केट नसतं. तिथे नावाजलेल्या पण दुर्मिळ गाडीपेक्षा नाक्यावरच्या मिस्तरीला हात बसलेली गाडी बरी.

शेवटी…

मोठी गाडी घेण्यामागे बऱ्याचदा एक मायेचा विचार असतो. सगळ्यांनी एकत्र जावं, कुणी मागे राहू नये. तो विचार चांगलाच आहे. पण सगळ्यांना एकत्र नेणाऱ्या गाडीवर सगळ्यांचे जीवही एकत्रच असतात. म्हणून एका सीटवर एक माणूस, टपावर काही नाही, पाटीचा रंग खरा आणि चालकाची झोप पुरी, एवढं जमत असेल तरच चावी फिरवावी. तेरावा आकडा अशुभ नसतो. तेराच्या गाडीत चौदावा माणूस चढला, की खरा अपशकुन होतो!

(चौकट)
कुणाला काय सोयीचं?

• चार-पाच माणसांचं घर, जोडीला छोटं दुकान : ईकोसारखी साधी व्हॅन.
• सहा-सात माणसांचं घर, अधूनमधून लांबचा प्रवास : अर्टिगाच्या मापाची गाडी, वरचेवर लांब जाणं असेल तर इनोव्हा.
• आठ-दहा माणसांचं घर : छोटी गाडी घरची, मोठी गाडी भाड्याची.
• सहलीचा धंदा नव्याने सुरू करणारे : बारा अधिक एक, पिवळ्या पाटीवर. भाड्याला दहाच माणसं.
• कामगारांची ने-आण : चालकासह तेरापेक्षा जास्त आसनांची गाडी करात सोयीची. आधी हिशेबनिसाचा सल्ला.
• शाळा : माणसं वीसच्या वर असतील तर मिनीबस. पिवळा रंग, गज, अग्निशामक नळकांडं आणि मदतनीस यांत काटकसर नको.

गाडी भाड्याने करताना काय पाहाल?

• पाटी पिवळी आहे का?
• विमा, पासिंग आणि परमिट यांच्या तारखा.
• ज्या राज्यात जायचं तिथला कर कोण भरणार, हे लिहून घ्या.
• टायरची नक्षी आणि स्टेपनी.
• चालक आदल्या रात्री कुठून आला, हे त्याला चहा देता देता विचारा.